हनुवटीवरचे तीन ठिपके

दुकान उघडायला आताशा मला उशीर होतो. शटर वर करताना खांदा दुखतो, हे एक कारण. आत गेल्यावर दिवसभर काय करायचं हे पक्कं ठाऊक असतं, हे दुसरं. एक स्टूल, मागं निळा पडदा, दोन दिवे, एक जुना संगणक आणि फोटो छापायचं यंत्र, एवढाच माझा संसार. माणूस येतो, स्टुलावर बसतो, मी "मान सरळ, डोळे उघडे" म्हणतो आणि पाच-सात मिनिटांत त्याच्या हातात आठ फोटो देतो. जातीचा दाखला, निराधारचा अर्ज, बँकेचं खातं, कॉलेजचा प्रवेश. आमच्या तालुक्यातल्या माणसाला फोटो लागतो तो सरकारसाठी, आणि सरकारला तोच माणूस पुन्हा पुन्हा बघायचा असतो.

छापण्याआधी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, "आहे तसा ठेवू, का उजळ करू?" बहुतेक सगळे म्हणतात, उजळ करा. म्हणजे विचारून उपयोग काय, असं बायको म्हणते, आणि तिचं काही चुकत नाही. पण मधली दोन-तीन वर्षं मी हा प्रश्न विचारणं सोडलं होतं. तेव्हा काय झालं ते सांगतो.

या स्टुलासाठी मी कॅमेरा हातात घेतला नव्हता. चंद्रपूरजवळच्या एका कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर मी कंत्राटी कामाला होतो. ट्रक काट्यावर चढायचा, मी आकडा लिहायचो, ट्रक उतरायचा. नाक शिंकरलं की काळं निघायचं. नोकरी सोडून गावी जाणाऱ्या एका सोबत्यानं त्याचा जुना कॅमेरा मला विकला आणि सुटीच्या दिवशी मी तो गळ्यात घालून गावोगावच्या जुन्या तलावांवर हिंडायला लागलो. या भागात राहून कॅमेरा घेतला म्हणजे लोक एकच विचारतात, "वाघ काढला का?" वाघ मी आयुष्यात एकदाच समोरून पाहिला. मोटरसायकलवर होतो, हँडलला वांग्यांची पिशवी होती, तो शांतपणे रस्ता ओलांडून गेला. कॅमेरा घरी होता, आणि सोबत असता तरी काही फरक पडला नसता. माझे दोन्ही हात हँडल सोडायला तयार नव्हते.

मी फोटो काढायला शिकलो ते म्हशी आणि बगळ्यांवर. मोबाईलवर हिंदीत शिकवणारे एक गुरुजी सापडले होते, दर दोन वाक्यांनी 'तो दोस्तों' म्हणायचे. त्यांनी सांगितलं, काळं आणि पांढरं एका चौकटीत धरून बघा. मग मी तलावात बसलेली म्हैस आणि तिच्या पाठीवरचा बगळा धरून बसलो. बगळा नीट यावा तर म्हशीचं डांबर व्हायचं, म्हैस नीट यावी तर बगळा नुसता पांढरा डाग. दोन हिवाळे गेले त्यात. एके दिवशी म्हशीच्या काळ्या कातडीवरची वळी, ओल, चिखलाचा सुकलेला थर असं सगळं फोटोत आलं आणि बगळ्याची पिसंही वेगवेगळी दिसली. तो फोटो मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "म्हैस चांगली हाये." मी आठवडाभर खूश होतो.

खाणीवरचं कंत्राट संपलं आणि आम्ही वैनगंगेच्या अलीकडं, गडचिरोली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी राहायला आलो. बायको आरोग्य सेविका, तिची बदली इथं झाली होती. घर तिच्या पगारावर चालत होतं आणि मी कॅमेरा पुसत बसत होतो. मार्कंड्याच्या जत्रेत मी एक छोटा तंबू टाकला, नदीच्या वाळूत उभ्या राहिलेल्या कुटुंबांचे फोटो काढून तिथंच छापून दिले. तिथून लोक ओळखायला लागले आणि मी हे दुकान भाड्यानं घेतलं. त्या उन्हाळ्यात नात्यातल्याच एकानं त्याच्या मुलीच्या लग्नाचं काम दिलं.

आमच्याकडं लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते. समोर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, आणि मधे उन्हात वाढलेली सावळी मुलगी, अंगावर पांढरी शुभ्र साडी. दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. मी दोन हिवाळे याचाच तर अभ्यास केला होता. साडीची जर दिसत होती, मुलीचा चेहरा होता तसा, पाणीदार काळा आला होता. ते फोटो चांगले होते, हे मी आजही म्हणतो. अल्बम आठ दिवसांत परत आला. मुलीचा बाप दुकानात उभा राहून म्हणाला, "आपला माणूस म्हणून तुले बलावलं, अन तू पोरीचं असं केलं? सासरचे म्हणते, एवढी काळी त पाह्यली नव्हती आमी."

मी काहीतरी उजेडाबिजेडाचं बोललो. त्यानं ते ऐकलं नाही आणि तो अल्बम न उचलता निघून गेला.

वरोऱ्याला एक म्हातारे फोटोग्राफर होते. रोलच्या जमान्यापासूनचा त्यांचा धंदा. मी तो अल्बम घेऊन त्यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळी पानं उलटली, एका फोटोवर थांबले, म्हणाले, "काम पक्कं हाये तुहं. पण हे इकत कोण घेईन बाबू?" मग त्यांनी मला एक पेन ड्राइव्ह दिला. त्यात संगणकाला शिकवून ठेवलेलं एक काम होतं. एक बटण दाबलं की चेहरा आपोआप दोन-तीन छटा गोरा होतो, कातडी गुळगुळीत होते, डाग, पुरळ, सुरकुत्या जातात. जे त्यातून सुटतं ते ब्रशनं हातानं पुसायचं. दुपारभर त्यांनी मला ते शिकवलं. निघताना चहा पाजला. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचे उपकारही वाटत होते.

पहिले काही महिने मी बटण दाबण्याआधी विचारायचो. सगळे हो म्हणायचे. म्हातारे, पोरी, नोकरीला निघालेली मुलं, पोलिस पाटील. मग विचारणं सोडलं. माणूस स्टुलावरून उठायच्या आत बटण दाबलेलं असायचं. दुकान चाललं. बायकोनं एक दिवस फोटोंचा गठ्ठा बघून विचारलं, "हे सारे इथलेच लोक होय काहो?" मी हसलो. काम करून करून डोळे चुरचुरत होते, मी पुढचा फोटो उघडला.

अशाच एका दिवशी ती आली. जंगलातल्या गावातून, सकाळच्या एसटीनं. वय बावीस-तेवीस, केसांना तेल लावून घट्ट वेणी, पायात पळायचे बूट, तेवढेच काय ते नवे. आत येताच "जोहार भाऊ" म्हणाली. वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरायचा होता. तीन वर्षांपासून पहाटे डांबरी रस्त्यावर पळत होती. मागच्या वेळी थोडक्यात गेलं होतं. यंदा नाही झालं तर घरचे थांबणार नाहीत, लग्न लावून देतील, हे तिनं स्टुलावर बसता बसता सांगितलं. तक्रार म्हणून नाही, एसटीची वेळ सांगावी तसं.

ती काळी होती आणि तिच्या हनुवटीवर गोंदणाचे तीन निळे-हिरवे ठिपके होते. मी फोटो काढला, बटण दाबलं. चेहरा उजळला, पण ठिपके पुसट राखाडी होऊन राहिले. मी ब्रश घेतला आणि तेही पुसले. पोरगी नोकरीला निघाली आहे, चांगली दिसू दे, असं माझ्या मनात आलं होतं. खरं सांगायचं तर थोडी कीवही होती. तिनं फोटो हातात घेतले, बराच वेळ पाहिले.

"मस्त आला ना?" मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली आणि फोटो पाकिटात घालून एसटी पकडायला गेली.

नंतर कितीतरी महिन्यांनी सकाळी दहाच्या सुमारास दुकानाचा फोन वाजला. फोटोच्या पाकिटावर माझा नंबर छापलेला असतो.

"भाऊ, मी चंद्रपूरवरून बोलून राह्यली. भरतीचे कागद तपासून राह्यले इथी. तुमी काढलेला फोटो माया नाई म्हणते साहेब."

मला आधी कळेचना. मग तिनं हळूहळू सगळं सांगितलं. ती पळण्यात पुढच्या पोरींत आली होती, लांब पल्ल्याच्या चालण्याची परीक्षाही झाली होती. आज शेवटची पायरी, कागदपत्रं. अर्जात ओळखचिन्ह म्हणून तिनं लिहिलं होतं, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके. फोटोतल्या गोऱ्या हनुवटीवर काहीच नव्हतं. अंगठा लावायला सांगितला, तर मोहफुलं वेचून आणि तेंदूपत्ता तोडून झिजलेला तिचा अंगठा यंत्रावर उमटेना. आधार कार्डावरचा फोटो ती शाळेत असतानाचा, तो कुणाचाच वाटत नव्हता. तिच्या नावावर दुसरीच कुणी पळाली असावी, असा साहेब लोकांना संशय आला होता. पाच वाजेपर्यंत पुरावा आणा, नाहीतर नाव कटलं.

"तुमच्याजवळ पयलेचा फोटो असंन ना, न सुधारलेला?"

नव्हता. संगणकात जागा कमी, म्हणून मूळ फोटो मी महिन्याभरानं पुसून टाकायचो. हे मी तिला सांगितलं आणि ती कुठल्या कार्यालयात आहे ते विचारून घेतलं.

मला भीती वाटली, हे लपवण्यात अर्थ नाही. सरकारी अर्जावर खोटा फोटो, उद्या माझ्यावरच केस झाली तर? त्या दुपारी गावात एका साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं, कामही घेतलेलं होतं. दुपारी घरी गेलो, बायको जेवायला आली होती, तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी मोडता मोडता ऐकलं आणि म्हणाली, "तिची नौकरी गेली त उद्या तुमी त्या स्टुलासमोर उभे राहू शकसान का? उठा, जा." साक्षगंधवाल्याला मी फोन केला, त्याच्या शिव्या खाल्ल्या, लॅपटॉप, कॅमेरा आणि एक दिवा पिशवीत भरून एसटीत बसलो.

मूल गावाजवळच्या जंगलातून एसटी हळूहळू चालली होती. पूर्ण वाट मी काय बोलायचं ते मनात जुळवत होतो, आणि दर वेळी ते जास्तच खोटं वाटत होतं. पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते.

ती कार्यालयाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. बसली नव्हती. मला बघून नुसती मान हलवली. आत टेबलाच्या मागं एक मॅडम, बाजूला दोन कारकून, दाराशी खाकीतला एक शिपाई. मी नमस्कार केला आणि सांगितलं, "मॅडम, हा फोटो तिचाच आहे. मी गोरा केला."

"मूळ फोटो दाखवा."

"तो पुसला गेला."

"मग मी कशावरून मानू?"

मी पिशवीतून कॅमेरा काढला. मग म्हटलं, "मॅडम, आत्ता इथंच काढतो. तुमच्यासमोर करून दाखवतो."

मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं आणि "करा" म्हणाल्या. मी तिला पिवळट भिंतीपुढं उभं केलं, दिवा एका कारकुनाच्या हातात दिला, फोटो काढला आणि लॅपटॉपवर उघडला. चेहरा पडदाभर आला. काळा, घामानं चमकणारा, सकाळपासून उभं राहून थकलेले डोळे, ओठ घट्ट मिटलेले, आणि हनुवटीवर ते तीन ठिपके स्वच्छ. इतका चांगला फोटो मी कित्येक वर्षांत काढला नव्हता. तेवढ्यातही माझ्या मनात ते आलं, याची मला लाज वाटली.

मी बटण दाबलं. चेहरा उजळला. घाम गेला, थकवा गेला. सगळे पुढं वाकले.

"ते ठिपके अजून दिसतात," मॅडम म्हणाल्या.

"ते हातानं काढावे लागतात."

"मग काढा."

मी हनुवटी मोठी केली, ब्रश घेतला. पहिला ठिपका पुसला. दुसरा पुसला. ती माझ्या पाठीमागं येऊन उभी राहिली होती. तिच्या केसांच्या तेलाचा वास आला. माझा हात थांबला. "उरकवा," कारकून म्हणाला. मी तिसरा पुसला.

मॅडमनी अर्ज लॅपटॉपशेजारी धरला. दोन्हीकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं. "चेहरा तोच आहे," त्या म्हणाल्या. "तसं लिहून द्या."

मी कागदावर लिहिलं की फोटो चांगला दिसावा म्हणून चेहऱ्याचा रंग बदलला. मॅडमनी वाचलं आणि विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून? तिनं सांगून बदलला असेल तर तिचा अर्ज बाद होतो. नीट आठवून लिहा."

आठवायची गरज नव्हती. मी खाली लिहिलं, 'उमेदवाराने सांगितले नसताना, तिला न विचारता, मी माझ्या मनाने बदल केला.' सही केली. मॅडमनी नवा, खरा फोटो तिथल्याच प्रिंटरवर छापून अर्जाला लावून घेतला आणि तिचं नाव यादीत राहिलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. मी पिशवी भरत होतो तेव्हा दिवा धरणारा कारकून जवळ येऊन हळूच म्हणाला, "पोरीसाठी स्थळं पाहून राह्यलो भाऊ. बायोडाट्याले असा फोटो करून देसान का?" मी त्याला पाकिटावरचा नंबर दिला.

परतीच्या एसटीत आम्ही एकाच बाकावर बसलो. ऊन उतरलं होतं. मी खुशीत होतो, असं म्हणायला हवं. काम झालं होतं, केस झाली नव्हती, पोरीला नोकरी लागणार होती. ती मला धन्यवाद देईल, असं कुठंतरी वाटत होतं आणि मी 'त्यात काय' म्हणायच्या तयारीत होतो. मूल गाव मागं पडेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग खिडकीतून मान वळवून म्हणाली,

"भाऊ, लोकं सांगते का तुमाले, असं करा म्हणून?"

"सांगतात. बहुतेक सगळेच."

"मी नव्हतं सांगतलं."

"नाही."

"मंग काऊन केलं?"

मी म्हटलं, "वाटलं, तुला आवडेल."

तिनं अंगठ्यानं हनुवटी चोळली. "तवा फोटो घरी नेला, त माय म्हणे, लय मस्त हाये, पण कोणाचा होय? सारे हासले. मी बी हासली. मले वाटलं, शहरातले फोटो असेच असते." जरा थांबून म्हणाली, "हे मायनं गोंदून घेतलं होतं माया हनुवटीवर, मी लहान होती तवा. सोनं-चांदी सारं इथीच राहते, मेल्यावर गोंदणच संग येते, असं मानते आमच्यात."

मी मांडीवरच्या पिशवीचा बंद आवळला.

"तुमी त जितेपणीच पुसलं. अन एकडाव नाई, दोनडाव."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं पडलं असतं. दुसऱ्यांदा पुसताना ती माझ्या पाठीशी उभी राहून बघत होती, आणि तेव्हा तिनं माझा हात धरला असता, थांबा म्हटलं असतं, तर नोकरी गेली असती. म्हणून ती काही बोलली नव्हती. खाणीवर असताना मला नावानं कुणी हाक मारत नसे, 'ए कोळसा' म्हणत. तो राग मी इतकी वर्षं जपला होता. माझ्या स्टुलावर तिच्यासारखी, स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काहीही न मागता बसलेली माणसं किती येऊन गेली असतील, हे मला माहीत नाही, कारण मी विचारलंच नव्हतं.

तिचा फाटा आला. तिचा भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. "जोहार भाऊ," म्हणून ती पायऱ्या उतरली. मी खिडकीतून वाकून म्हटलं, "चुकलं माझं." एसटीनं तेवढ्यात गिअर टाकला होता. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही, आणि मोठ्यानं पुन्हा म्हणायचा मला धीर झाला नाही.